लव्हेंडरचे तेल : उपयोग आणि दक्षता

आपल्या घरांत ‘तेल’ हा शब्द मोठ्या विश्वासाचा आहे. तान्ह्या बाळाच्या टाळूवर खोबरेल घालतात, दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाला सुवासिक तेल लागते, फोडणीला गोडे तेल लागते आणि देवापुढच्या समईतही तेलच तेवते. अंगाला लावावे, पोटात घ्यावे, त्याने कुणाचे काही बिघडत नाही, अशी या शब्दाची आपल्या मनात प्रतिमा आहे. त्यामुळे अलीकडे प्रसाधनांच्या दुकानांतून जी लहानशी, गडद काचेची कुपी ‘लव्हेंडर ऑइल’ या नावाने घरात येते, तीही सहजच त्याच फळीवर, त्याच बाटल्यांच्या ओळीत जाऊन बसते. नाव तेलाचे, वास मोहक आणि वर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ अशी ग्वाही. मग भ्यावयाचे कारण काय?

परंतु या कुपीतील द्रव आणि आपले खोबरेल यांच्यात नावापलीकडे फारच थोडे साम्य आहे. हा द्रव उपयोगी आहे यात शंका नाही. तथापि तो ज्या कारणाने उपयोगी आहे, त्याच कारणाने तो जपून वापरावयाचा आहे. हे कारण कोणते, ते या लेखात समजावून सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम या वनस्पतीची ओळख करून घेऊ. लव्हेंडर हे मूळचे भूमध्य समुद्राच्या आसपासच्या कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवरचे झुडूप. त्याची पाने अरुंद व राखी छटेची असतात आणि उन्हाळ्यात त्याला बारीक जांभळ्या फुलांचे तुरे येतात. शास्त्रज्ञ त्याला ‘लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलिया’ या नावाने ओळखतात. त्याचे कूळ मात्र आपल्याला मुळीच परके नाही. तुळस, सब्जा आणि पुदिना ज्या कुळातील, त्याच कुळातील हे झुडूप आहे. तुळशीचे पान बोटांत चुरगळले की सुवास दरवळतो, कारण पानावरील सूक्ष्म ग्रंथी फुटून त्यांतील सुगंधी द्रव्य बाहेर पडते. लव्हेंडरमध्ये अशा ग्रंथी विशेषेकरून फुलाच्या पाकळ्यांना धरून ठेवणाऱ्या पेल्यावर असतात. म्हणून तेलासाठी फुलांचे तुरेच कापतात.

फ्रान्सच्या आग्नेयेस असलेला प्रोव्हान्स हा प्रांत या पिकासाठी जगभर प्रसिद्ध आहे. तेथे दोन प्रकारची झाडे दिसतात. सुमारे ८०० मीटरहून अधिक उंचीच्या थंड पठारांवर ‘खरे लव्हेंडर’ चांगले येते. सखल भागात ‘लव्हेंडिन’ नावाचे संकरित झाड लावतात. लव्हेंडिनपासून तेल अधिक निघते, त्यामुळे ते स्वस्त पडते व साबणासारख्या वस्तूंत जाते. परंतु त्यात कापराचा अंश अधिक असल्याने त्याचा वास उग्र असतो. उंचावरील खऱ्या तेलाचे नाव भलत्याच तेलाला लावले जाऊ नये, म्हणून ‘ओत प्रोव्हान्स’ या डोंगराळ भागातील तेलाला १९८१ साली उत्पत्तिस्थानाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. आपल्याकडे दार्जिलिंगचा चहा किंवा कोकणचा हापूस यांना जसे मिळाले आहे, तसाच हा प्रकार समजावा.

आपल्या देशातही आता हे पीक स्थिरावले आहे. जम्मू विभागातील दोडा जिल्ह्यात भदरवाह नावाचे डोंगरी खोरे आहे. तेथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मका पिकवीत आले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या ‘अरोमा मिशन’ या योजनेतून, सुमारे २०१६-१७ पासून, जम्मूच्या भारतीय एकात्मिक औषध संस्थेने त्यांना लव्हेंडरची रोपे व तेल काढण्याचे शिक्षण दिले. अनेकांनी मक्याच्या जागी हे पीक घेतले आणि त्यांच्या हाती पूर्वीपेक्षा अधिक पैसा येऊ लागला. या बदलाला तिकडे ‘जांभळी क्रांती’ म्हणतात. २०२२ साली भदरवाह येथे लव्हेंडरचा पहिला उत्सवही भरला.

आता हे तेल काढतात कसे, ते पाहू. तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल घाण्यात दाबून काढतात. सुगंधी तेल तसे निघत नाही. त्यासाठी वाफेचे साहाय्य घ्यावे लागते. ही कृती आपल्या मुलखाला नवी नाही. निमाड आणि खानदेशच्या माळरानांवर रोशा नावाचे सुवासिक गवत उगवते. जुन्या काळी तेथे ओढ्याकाठी भट्ट्या मांडून, मोठ्या भांड्यात गवत व पाणी उकळून, निघणारी वाफ नळीने थंड पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात नेत आणि रोशाचे तेल काढीत. मुंबई बंदरातून ते परदेशी जात असे. लव्हेंडरचे तेलही याच तत्त्वाने काढतात. वाफ फुलांच्या थरांतून वर चढते, ग्रंथींतील सुगंधी द्रव्य आपल्याबरोबर घेते आणि थंड झाल्यावर पाणी खाली व तेल वर असे दोन थर होतात. या कृतीस ऊर्ध्वपातन म्हणतात.

येथे थोडे गणित करावे. १०० किलो ताज्या तुऱ्यांपासून साधारणपणे १ किलोच्या आसपास तेल मिळते. कधी त्याहून कमी, कधी थोडे अधिक. म्हणजे १० मिलिलिटरच्या इवल्याशा कुपीत जवळजवळ १ किलो फुलांचे सत्त्व उतरलेले असते. चहाचा एक चमचा तेल म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास फुले! कोणी अर्धा किलो फुले एका वेळी खात नाही किंवा अंगाला चोळीत नाही. थेंबे थेंबे तळे साचे अशी आपली म्हण आहे. या कुपीत तळे आटून थेंब झालेला आहे. या तेलाचा गुणही या आटण्यात आहे आणि त्याचा धोकाही तेथेच आहे. पुढील सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात.

हे तेल खोबरेलाहून निराळे आहे, याची खात्री एका सोप्या प्रयोगाने पटते. टीपकागदाच्या एका टोकावर तिळाच्या तेलाचा व दुसऱ्या टोकावर लव्हेंडरच्या तेलाचा एक-एक थेंब टाकावा आणि कागद वाऱ्यावर ठेवावा. तिळाच्या तेलाचा डाग दुसऱ्या दिवशीही तसाच राहतो. लव्हेंडरचा डाग मात्र हळूहळू नाहीसा होतो व खोलीभर सुवास पसरतो. पहिल्या तेलात स्निग्ध पदार्थ असतात, ते उडून जात नाहीत. दुसऱ्यात स्निग्धता नाहीच. ते उडून जाणाऱ्या रसायनांचे मिश्रण आहे. म्हणून शास्त्रीय ग्रंथांत अशा तेलांना ‘बाष्पनशील तेले’ म्हणतात. लव्हेंडरच्या तेलात लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट ही दोन द्रव्ये प्रमुख असून चांगल्या तेलात दोहोंचे मिळून प्रमाण बहुधा निम्म्याहून अधिक असते. यांपैकी लिनॅलूल आपण रोजच हुंगतो. कारण स्वयंपाकघरातील धन्यांच्या सुवासातही तेच मुख्य द्रव्य आहे.

या तेलाचे उपयोग अनेक आहेत. अत्तरे, साबण व पावडरी यांत ते शतकानुशतके वापरले जात आहे. ‘लव्हेंडर’ हे नावच, धुणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी जोडले जाते. युरोपात वाळलेल्या फुलांच्या लहान पुरचुंड्या कपड्यांच्या कपाटांत ठेवण्याची रीत आहे; त्यामुळे कपड्यांना सुवास येतो व कसर लागू नये असाही हेतू असतो. आपल्याकडे लुगड्यांच्या घड्यांत वाळा किंवा कापूर ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

औषधी उपयोगाची कथा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रेने-मॉरिस गातफोसे यांच्यापासून सांगितली जाते. १९१० साली त्यांच्या प्रयोगशाळेत स्फोट होऊन त्यांचे हात भाजले व जखमा चिघळू लागल्या. तेव्हा लव्हेंडरच्या अर्काने धुतल्यावर आपल्याला उतार पडला, असे त्यांनी लिहून ठेवले. पुढे १९३७ साली त्यांनी ‘अरोमातेरापी’ म्हणजे सुगंधोपचार या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हा शब्द जगभर रूढ झाला. या कथेला पुढे पुष्कळ तिखटमीठ लागले. परंतु एका गृहस्थाचा एक अनुभव म्हणजे शास्त्रीय सिद्धान्त नव्हे. भाजलेल्या जागी लव्हेंडरचे किंवा कोणतेही तेल ओतू नये. भाजलेला भाग सुमारे २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा व मग डॉक्टरांस दाखवावा, हाच आजचा मान्य प्रथमोपचार आहे.

मनाला शांतता व झोपेला साहाय्य, हा या तेलाचा सर्वांत ख्यात गुण. त्यात तथ्य किती? जपानच्या कागोशिमा विद्यापीठात २०१८ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत लिनॅलूलच्या वासाने उंदरांची अस्वस्थता कमी झालेली आढळली. ज्यांची वास घेण्याची शक्ती नष्ट केली होती, त्यांच्यावर मात्र हा परिणाम झाला नाही. म्हणजे वासाचा मज्जातंतूंवर काही परिणाम घडतो, एवढे दिसते. युरोपीय औषध संस्थेच्या समितीने २०१२ साली या तेलास सौम्य मानसिक ताण व थकवा यांवर आणि झोप येण्यास मदत म्हणून मान्यता दिली. परंतु ती दीर्घकाळच्या परंपरागत वापराच्या आधारावर. जर्मनीत ८० मिलिग्रॅम शुद्ध तेलाच्या गोळ्या औषध म्हणून मिळतात व त्यांच्यावर रीतसर चाचण्याही झाल्या आहेत. मात्र या गोळ्या ठरावीक मात्रेत, औषधाच्या कारखान्यात बनविलेल्या असतात. त्यांचे नाव पुढे करून कुपीतील तेल चमच्याने घेणे हा शुद्ध अविचार होय. रात्री उशीजवळ रुमालावर एक थेंब टाकून कोणास बरे वाटत असेल, तर त्यात वावगे काही नाही. परंतु रात्री-रात्री झोप न येणाऱ्या माणसास रुमालाची नव्हे, वैद्यकीय सल्ल्याची गरज असते.

आता दक्षतेचे नियम क्रमाने सांगतो.

पहिला नियम असा की, हे तेल पोटात घेऊ नये. चहात, दुधात, मधात किंवा साखरेवर टाकून ते घेण्याचे सल्ले कोणी दिले, तरी ते मानू नयेत. लहान मुलांच्या बाबतीत तर विशेष जपावे. मूल खोकल्याचे औषध समजून किंवा वासाला भुलून कुपी तोंडाला लावते. असे झाल्यास ओकारी येते, गुंगी येते. आणि याहून वाईट म्हणजे पातळ तेल ठसक्याबरोबर श्वासनलिकेत उतरून फुप्फुसांना सूज आणू शकते. ज्या फळीवर औषधाच्या बाटल्या असतात, तीवर ही कुपी ठेवू नये. कापूर आणि नीलगिरीचे तेल यांनाही हाच नियम लागू आहे. किंबहुना तो अधिक कडक लागू आहे. ही दोन्ही पोटात गेल्यास लहान मुलांना आकडी येऊ शकते, आणि ती तर आपल्या बहुतेक घरांत असतात.

दुसरा नियम, त्वचेवर निर्भेळ तेल लावू नये. खोबरेल किंवा तिळाच्या तेलात ते मिसळावे. १ मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरले, तर चहाच्या एका चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर तेलात १ थेंब टाकल्याने १ टक्का आणि २ थेंब टाकल्याने २ टक्के प्रमाण होते. मोठ्या माणसांस एवढे पुरे. प्रथम कोपराच्या आतील बाजूस किंचित लावून एक दिवस थांबावे. तांबूसपणा, खाज वा पुरळ दिसल्यास पुन्हा वापरू नये. डोळे, कानाचा आतील भाग आणि उघड्या जखमा यांच्याजवळ ते नेऊ नये. तान्ह्या मुलांच्या अंगाला, उशीला वा पाळण्याला ते लावू नये.

तिसरा नियम पाण्याविषयी. हे तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगते. म्हणून अंघोळीच्या बादलीत थेंब टाकले म्हणजे ते पातळ झाले, अशी समजूत चुकीची आहे. ते तसेच तांब्यात येतात व अंगावर निर्भेळच पडतात. सुवास हवाच असेल, तर तेल आधी चमचाभर खोबरेलात मिसळावे. आणि मग न्हाणीघराची फरशी निसरडी होते, हेही ध्यानात ठेवावे.

चौथा नियम साठवणीचा. लिनॅलूल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावले की, त्यापासून त्वचेवर ॲलर्जी उत्पन्न करणारी द्रव्ये तयार होतात. ताज्या तेलाने ज्याला काही झाले नाही, त्यालाच जुन्या, वारंवार उघडलेल्या कुपीतील तेलाने पुरळ उठू शकते. म्हणून बूच घट्ट लावावे, कुपी गडद काचेची असावी, ती थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी, आणि उघडल्याची तारीख तीवर लिहावी. वास बदललेले तेल अंगाला लावू नये. प्लास्टिकच्या डबीत ते ओतून ठेवू नये, कारण काही प्रकारचे प्लास्टिक त्याने खराब होते. शिवाय ते पेट घेणारे आहे; देवघरातील निरांजन, उदबत्ती आणि स्वयंपाकाची शेगडी यांपासून ते दूर असावे.

पाचवा नियम, कोणी विशेष जपावे याचा. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, दम्याचे व फेफऱ्याचे रोगी आणि झोपेची किंवा मनःशांतीची औषधे घेणारी माणसे, यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ते वापरू नये. विजेच्या उपकरणाने खोलीत सुवास पसरवावयाचा असल्यास खिडकी उघडी असावी आणि अर्ध्या-एक तासाने उपकरण बंद करावे. घरात मांजर असेल, तर अधिकच जपावे. अशी द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार कमी असते.

लहान मुलांविषयी आणखी एक गोष्ट नमूद करतो. २००७ साली अमेरिकेतील एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात तीन मुलग्यांची हकीकत प्रसिद्ध झाली. लव्हेंडर वा टी-ट्री यांची तेले असलेली प्रसाधने ते वापरीत होते आणि वयात येण्यापूर्वीच त्यांची छाती वाढू लागली होती. वापर थांबविल्यावर ती वाढ ओसरली. पुढील काही संशोधकांना असा संबंध आढळला नाही व याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. आम्ही म्हणतो, ज्या वस्तूची मुलाला गरज नाही, तिच्याबद्दल शंका असताना ती रोज चोळण्याचा आग्रह कशाला?

इतके करूनही अपघात झालाच, तर काय करावे? तेल पोटात गेले असल्यास घशात बोटे घालून किंवा मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. वर येताना ते फुप्फुसांत जाण्याचे भय असते. आपल्या मनाने दूध-तूपही पाजू नये. मुलाला घेऊन, आणि कुपीही बरोबर घेऊन, तडक रुग्णालय गाठावे. वाहन नसल्यास १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. त्याचा सल्ला डॉक्टरांना व नागरिकांनाही मिळतो. डोळ्यांत थेंब गेल्यास स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे व डॉक्टरांकडे जावे.

खरेदीच्या वेळी वेष्टनावर झाडाचे शास्त्रीय नाव आहे का, ते पाहावे. नुसता ‘लव्हेंडरचा सुवास’ असे लिहिलेले द्रव्य बहुधा कृत्रिम सुगंध असतो. स्वस्त लव्हेंडिनची किंवा कृत्रिम लिनॅलूलची भेसळही या व्यापारात पुष्कळ चालते.

विद्यार्थिमित्रहो, या साऱ्यात आपल्याला करता येण्याजोगे एक काम आहे. या कुप्यांवरील सूचना बहुतेक इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेल्या असतात. घरातील आजी-आजोबांना त्या वाचता येत नाहीत, आणि नातवंडांच्या अंगाला तेल लावण्याचे काम तर पुष्कळदा त्यांच्याच हातून होते. तेव्हा आज घरी गेल्यावर अशी कुपी आहे का, ते पाहा. असल्यास कागदाच्या चिठ्ठीवर ठळक मराठी अक्षरांत लिहा : ‘पोटात घेऊ नये. निर्भेळ लावू नये. मुलांच्या हाती देऊ नये.’ खाली कुपी उघडल्याची तारीख घाला, ती चिठ्ठी कुपीवर चिकटवा आणि आजीला वाचून दाखवा. कापराच्या डबीवर आणि नीलगिरीच्या बाटलीवरही अशीच चिठ्ठी लावावी. एवढ्या कामाला पाच मिनिटे पुरतात, आणि घरातल्या धाकट्या भावंडाचे त्याने रक्षण होते.